नवी कंपनी, जुने जहाज

मुलांबाळांसह समुद्रावर जाणे ही गोष्ट कोकणच्या माणसास मुळीच नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरची ती दाटी, ट्रंका व वळकट्या, रडणारी पोरे, आणि बंदराबाहेर उभ्या राहिलेल्या आगबोटीतून पडावात उतरताना म्हाताऱ्या माणसांची होणारी त्रेधा यांच्या आठवणी घरोघर सांगितल्या जात. परंतु तो प्रवास गावी पोहोचण्यासाठी होता. समुद्र हा वाटेत आडवा येणारा पदार्थ. तो ओलांडला की काम संपले. सांप्रत ज्यास ‘क्रूझ’ म्हणतात तो प्रकार याच्या अगदी उलट आहे. येथे पोहोचण्याची घाई कोणासच नसते; जहाजावर राहावयाचे एवढ्यासाठीच तिकीट काढावयाचे. अशी सहल घडविणारी नवी कंपनी निघाली म्हणजे घरातील कर्त्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो, की आपली बायकामुले आणि वृद्ध आईबाप हिच्या हवाली करावे की नाही? जाहिरात पाहून या प्रश्नाचा उलगडा होत नाही. इतिहास पाहिला तर मात्र थोडाबहुत होतो, असे आम्हांस वाटते.

या धंद्याचा आरंभच मोठा बोधप्रद आहे. 1844 मध्ये पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीने भूमध्य समुद्रातील सागरी सहलींची जाहिरात दिली. सहलींचा बोलबाला व्हावा म्हणून तिने थॅकरे या ग्रंथकारास फुकट प्रवास घडविला, आणि 1846 मध्ये त्याचे कॉर्नहिलपासून कैरोपर्यंतच्या प्रवासाचे पुस्तक बाहेर पडले. थॅकरे विनोदी व चतुर लेखक होता, आणि कंपनीचे उपकार त्याने लपविले नाहीत, हे खरे. तथापि फुकट्या पाहुण्याच्या मुखाने आपली स्तुती करविण्याची युक्ती या व्यवसायाइतकीच जुनी आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. ज्याने स्वतःच्या गाठीचे पैसे मोजले, आणि ज्याच्या कडेवर मूल होते, त्याचा अभिप्राय निराळा असू शकतो.

पुढे 1891 साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचा चालक आल्बर्ट बॅलिन याने ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीस काढले. हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळलेला असे, उतारू मिळत नसत, आणि मोठमोठी जहाजे बंदरात रिकामी पडून खर्च खात. त्यांना काही काम द्यावे, एवढाच मूळ हेतू होता. 22 जानेवारीस 241 उतारूंना घेऊन जहाज निघाले व 22 मार्चला परत आले. त्या उतारूंत खुद्द बॅलिन आणि त्याची पत्नी ही दोघेही होती. जो मालक आपल्या कुटुंबासह आपल्याच जहाजावर पाय ठेवतो, त्याच्यावर इतरांनी विश्वास टाकण्यास काही आधार असतो.

या कथेतून आणखी एक गोष्ट दिसते. सहलीचा धंदा जन्मास आला तोच मुळी दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या जहाजावर. तोच क्रम पुढेही चालू राहिला. 1972 साली अमेरिकेत कार्निव्हल नावाची नवी कंपनी निघाली. तिचे पहिले जहाज ‘मार्डी ग्रा’. परंतु हे नाव तेवढे नवे. 1961 साली बांधलेले ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ विकत घेऊन त्याचे नवे बारसे केले होते. पहिल्याच सफरीस निघताना हे जहाज मायामीच्या बाहेर वाळूत रुतून बसले, व कंपनीचे चांगलेच हसे झाले. पण तीच कंपनी पुढे या धंद्यात जगात अग्रेसर ठरली. तेव्हा पहिल्या फजितीवरून कंपनीचे भविष्य वर्तवू नये, हेही तितकेच खरे.

आता आपल्या मुंबईकडे वळू. 2019 साली जलेश नावाच्या नव्या कंपनीने ‘कर्णिका’ हे जहाज मुंबईस आणले. नाव संस्कृत, पण जहाज 1990 साली इटलीत बांधलेले; ‘क्राउन प्रिन्सेस’ या पहिल्या नावापासून मोजले तर ‘कर्णिका’ हे त्याचे सहावे नाव. 2020 च्या महामारीत कंपनी बंद पडली आणि जहाज मोडीसाठी अलंगच्या किनाऱ्यावर गेले. 2021 साली कॉर्डेलिया नावाची दुसरी कंपनी पुढे आली. तिचे ‘एम्प्रेस’ हे जहाजही 1990 चेच, मात्र फ्रान्समध्ये बांधलेले. तात्पर्य, कंपनी नवी म्हणजे जहाज नवे, ही समजूत बहुधा फसवी ठरते. नवीन संसार थाटणारा जशी जुनी भांडी घेऊन कल्हई करवितो, तसाच हा प्रकार होय.

पण म्हणून जुने जहाज वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. कल्हई नीट असेल तर जुन्या भांड्यातले अन्न बाधत नाही. उलट जुनी कंपनी आणि नवे जहाज असा योग जुळूनही काय घडते, हे जगाने पाहिले आहे. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे 2006 साली सेवेत आलेले अवाढव्य जहाज. 13 जानेवारी 2012 च्या रात्री ते इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले व 32 माणसे प्राणास मुकली. त्याच सायंकाळी चढलेल्या शेकडो उतारूंना संकटसमयी कोठे जमावे याची कवाईत अद्याप देण्यात आली नव्हती. ती चोवीस तासांच्या आत कधीही घेण्याची मुभा त्या वेळच्या नियमांत होती! पुढे नियम बदलला. 1 जानेवारी 2015 पासून ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते.

आणि आपल्या दाराशी घडलेली ‘रामदास’ची कथा मराठी माणसाने कशी विसरावी? 17 जुलै 1947 रोजी सकाळी ही आगबोट मुंबईहून रेवसकडे निघाली. बोट 1936 सालची, म्हणजे जुनी नव्हे. कंपनी स्वदेशी, लोकांच्या जिव्हाळ्याची. दिवस मात्र ऐन पावसाळ्याचे. खवळलेल्या दर्यात लाटेच्या तडाख्याने बोट कलली, भेदरलेले उतारू एका अंगास धावले, आणि पाहता पाहता ती उलटली. सहाशेंहून अधिक जीव गेले. मुंबई इतकी जवळ असूनही तेथे ती बातमी कळण्यास कित्येक तास लागले. त्या दिवशी कंपनीवरचा लोकांचा जिव्हाळा कोणाच्या उपयोगी पडला नाही. उपयोगी पडले असते ते दर्याचा रंग ओळखून बोट धक्क्यास बांधून ठेवण्याचे धैर्य.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. नव्या कंपनीच्या जहाजावर कुटुंबासह जाणाऱ्याने भोजनगृहाची शोभा अवश्य पाहावी, मुलांना पोहण्याच्या हौदावर अवश्य न्यावे; तिकिटात कशाचे पैसे धरले आहेत व कशाचे मागाहून द्यावे लागतील, हेही आधी विचारून घ्यावे. पण खोलीत सामान टाकताच पहिले काम निराळे करावे. संकटाचा भोंगा झाला तर आपण कोठे जमावयाचे, ती जागा मुलांचे हात धरून एकदा चालून पाहावी. उतारूंच्या संख्येच्या निदान दहा टक्के, आणि मुले त्याहून अधिक असल्यास प्रत्येक मुलामागे एक, अशी लहान मापाची तरणजाकिटे जहाजावर ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ते जाकीट मागून घेऊन मुलाच्या अंगास बसते की नाही, हे आईने स्वतः पाहावे. कवाईतीच्या वेळी खलाशी कंटाळलेले दिसतात की दक्ष, इकडेही लक्ष असावे. त्या अर्ध्या तासात कंपनीची जी परीक्षा होते, ती पुढच्या चार दिवसांच्या मेजवान्यांत होत नाही.

अशा चौकशीस कोणी भित्रेपणा म्हणून हसेल. त्याने खुशाल हसावे. ‘रामदास’वरून ज्यांची माणसे परत आली नाहीत, त्या घरांतून हे हसू कधीच ऐकू आले नसते.