महिला रग्बीपटू : शरीरघटना आणि शारीरिक क्षमता

रग्बी खेळणाऱ्या स्त्रीच्या शरीरात मेद, स्नायू आणि हाड यांचे प्रमाण म्हणजे तिची शरीरघटना, आणि त्या शरीरातून निघणारा वेग, ताकद व दमसास म्हणजे तिची शारीरिक क्षमता. अंगाला अंग भिडवून खेळायच्या या खेळात वजन ओझेही ठरते आणि भांडवलही. त्यामुळे ‘खेळाडू मुलगी सडपातळच हवी’ हा सरधोपट नियम इथे चालत नाही.

पंधरा जणींच्या संघात आठ फॉरवर्ड आणि सात बॅक असतात. फॉरवर्ड स्क्रममध्ये खांदे अडकवून समोरच्या संघाला रेटतात. त्यांच्यात मेद आणि स्नायू दोन्ही अधिक आढळतात, आणि पहिल्या ओळीतल्या प्रॉप सर्वांत वजनदार असतात. बॅक हलक्या व वेगवान असतात. ८० किलोची खेळाडू सेकंदाला ६ मीटर वेगाने आली काय आणि ६० किलोची ८ मीटर वेगाने आली काय, दोघींचा संवेग (वजन गुणिले वेग) सारखाच, ४८० भरतो. प्रश्न त्या वरच्या २० किलोंचा आहे. ते स्नायूंचे असतील तर वेग टिकतो. चरबीचे असतील तर दर धावेला ओढत न्यावे लागतात. सात जणींच्या (सेव्हन्स) प्रकारात मैदान तेवढेच, पण खेळ सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. तिथे प्रत्येकीला बॅकसारखे पळावेच लागते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून हाच प्रकार ऑलिंपिकमध्ये खेळला जातो.

मेदाच्या मोजमापासाठी क्ष-किरणांवर चालणारे डेक्सा यंत्र अधिक अचूक, पण तालुक्याच्या गावी कातडीची घडी मोजणारा कॅलिपरच उपयोगाचा. दंडाच्या मागची कातडी खालच्या चरबीसकट अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरायची, बोटांपासून एक सेंटिमीटरवर कॅलिपर लावायचा आणि दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. अशा आठ जागांची मिलीमीटरमधली बेरीज दर दोन-तीन महिन्यांनी त्याच व्यक्तीने, त्याच पद्धतीने घ्यावी. त्या बेरजेवरून सूत्राने काढलेल्या मेदाच्या टक्केवारीवर फार विसंबू नये, कारण अशी बहुतेक सूत्रे पाश्चात्त्य शरीरांवर बेतलेली आहेत. सारख्याच बीएमआयला (उंचीच्या मानाने वजनाला) भारतीय शरीरात मेद अधिक असतो. बीएमआय तर चरबी आणि स्नायू यांत फरकच करत नाही, म्हणून एकट्या बीएमआयवरून खेळाडू निवडणे चूक आहे. दमसासासाठी ‘ब्रॉन्को’ चाचणी सोपी : २०, ४० आणि ६० मीटरपर्यंत जाऊन परत येणे, अशा पाच फेऱ्या, एकूण १,२०० मीटर. चार खुणा आणि एक घड्याळ एवढ्यावर ती होते.

महाराष्ट्रात महिला रग्बीला पुण्याने चांगले बळ दिले. नेहा परदेशी आणि वहबीझ भरूचा या दोघी तिथल्याच. भारतीय महिलांनी २००९ मध्ये सेव्हन्समध्ये आणि २०१८ मध्ये सिंगापूरला पंधरा जणींच्या प्रकारात आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. जून २०१९ मध्ये फिलिपीन्समधील आशियाई स्पर्धेत चीनकडून मोठ्या फरकाने हरल्यानंतर याच संघाने सिंगापूरला २१–१९ असे हरवले. पंधरा जणींच्या प्रकारातला तो भारतीय महिलांचा पहिला विजय. तेव्हाची कर्णधार भरूचा व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, आणि शेवटच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी किक मारणारी सुमित्रा नायक ओडिशाची.

आता पुण्यापासून दूरचे उदाहरण घ्या. परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे रेल्वे जंक्शनचे गाव. अशा गावांतल्या मुलींची ओळख रग्बीशी नसली तरी कबड्डी आणि खो-खोशी असते. कबड्डीत वजनाला कमाल मर्यादा असते. स्पर्धेआधी काट्यावर उभे राहायचे म्हणून मुली जेवण तोडतात. रग्बीत तशी मर्यादा नाही. थोराड बांध्याची, रेटा देऊ शकणारी मुलगी तिथे आहे तशी हवी असते. प्रशिक्षकांनी हे मुलींना आवर्जून सांगावे.

मराठवाड्यातल्या मुलींच्या क्षमतेचा विचार रक्तापासून सुरू करावा लागतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर स्नायूंपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही, आणि ब्रॉन्कोची वेळ कितीही सराव केला तरी सुधारणे अवघड जाते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी शक्ती’ हे २०१८ चे ज्वारीचे वाण इथे मोलाचे आहे : किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह, नेहमीच्या ज्वारीच्या जवळजवळ दीडपट. ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून साडेतेरा मिलिग्रॅम लोह मिळते. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे. मात्र धान्यातले लोह अंगी कमी लागते. भाकरीसोबत लिंबू पिळलेली पालेभाजी घ्यावी आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये. दाणे, डाळ, अंडी यांनी प्रथिनांची भर घालावी.

सरावाच्या मानाने जेवण कमी पडले की पाळी लांबते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ असे नाव दिले. सराव कडक असला की पाळी जायचीच, हा समज घातक आहे. पाळी चुकली तर ती दुखापतीइतकीच गंभीर मानून डॉक्टरांकडे जावे.

गुडघ्याचा पुढचा आडवा अस्थिबंध (एसीएल) तुटण्याचा धोका स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक असतो. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देण्याचा सराव रोजच्या वॉर्मअपमध्येच घ्यावा. डोके आणि मानही जपावी लागते. कबड्डीतून आलेल्या मुलीला पकड नवी शिकवावी लागत नाही, पण डोके कुठे ठेवायचे ते शिकवावे लागते : धावत येणाऱ्या खेळाडूच्या पुढ्यात नव्हे, बाजूला, गाल तिच्या कमरेला चिकटलेला. मानेच्या स्नायूंचा व्यायाम यासाठीच. सोबतिणीने तळहाताने चारही बाजूंनी डोके हलके दाबायचे आणि खेळाडूने मान हलू द्यायची नाही. प्रत्येक बाजूला दहा सेकंद.