प्रार्थनेतील बालभाव

बालभाव म्हणजे देवापुढे बालकासारखे नम्र व विश्वासू होणे. स्वर्गाच्या राज्यात सर्वांत थोर कोण, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभू येशूने एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे केले (मत्तय १८ : १-४). बालकाजवळ मिरविण्यासारखे काही नसते. मिळेल ते ते आईवडिलांच्या हातून घेते. मात्र बालभाव म्हणजे बालिशपणा नव्हे. दुष्टपणाच्या बाबतीत बालक असावे, समजुतीच्या बाबतीत प्रौढ व्हावे, असे संत पौल बजावतो (१ करिंथ १४ : २०).

बालयेशूची संत तेरेजा (१८७३-१८९७) हिने या वृत्तीला ‘लहान मार्ग’ असे रूप दिले. शेवटचे दीड वर्ष ती क्षयाने आजारी होती आणि तिच्या श्रद्धेभोवती दाट अंधार पसरला होता. तरीही तिने पित्याचा हात सोडला नाही. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेच्या धर्मपंडितांत स्थान दिले.

या वृत्तीचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. कराडजवळील मलकापूरहून उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या सातारा येथे कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अखेरच्या पर्वातील कार्य केले. ते प्रोटेस्टंट पंथाचे होते. पण त्यांची भक्ती साऱ्या मराठी ख्रिस्ती जनांचा ठेवा आहे. तुकोबांच्या भक्तिमार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. नामवंत कवी व ‘ज्ञानोदय’चे संपादक असलेले हे विद्वान ख्रिस्ताला माउली म्हणून आळवीत. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते संन्यस्त झाले व साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. विद्वत्ता त्यांनी टाकली नाही. तिचा आधार मात्र सोडला.

आपली प्रार्थना नकळत केवळ पाठांतर होते, किंवा आपण केलेल्या सेवेचा हिशेब होतो. अशा वेळी सायंकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत घरातील लहानग्याला प्रथम बोलू द्यावे. ते सरळ मागते, आभार मानते, चुकले असेल तर कबूल करते. मग वडीलधाऱ्यांनीही तितक्याच थोड्या शब्दांत प्रभूशी बोलावे. ज्याला मागण्याची लाज वाटत नाही, त्याला क्षमा मागणेही जड जात नाही.