संगणकी खेळांतील गुपिते : वाचून कळलेली आणि मोजून कळलेली

पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर चालणारा जॅकार्ड माग सोलापूरच्या शिक्षकांना नवा नाही. मागाच्या डोक्यावरून भोके पाडलेल्या पट्ट्यांची माळ सरकत असते. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. एका पट्टीत बाण्याच्या एका फेरीची आज्ञा असते. अशा शेकडो पट्ट्या क्रमाने गेल्या की चादरीवर मोर उमटतो. फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने ही रचना 1804 च्या सुमारास सिद्ध केली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली, म्हणून संगणकाच्या इतिहासात मागाचे नाव आदराने घेतले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चादर विणून होण्याआधीच मोर पट्ट्यांमध्ये असतो. ज्याला पट्ट्या वाचता येतात, त्याला एकही धागा न विणता नक्षी कळते. मात्र ती चादर बाजारात कितीला विकली जाईल हे पट्ट्या कितीही निरखल्या तरी कळणार नाही, कारण ते पट्ट्यांत लिहिलेलेच नसते. एवढा फरक लक्षात ठेवला, तर आपले विद्यार्थी ज्या संगणकी खेळांत रमतात त्यांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण सहज समजते.

मोहीम आणि तिची लूट

अनेकांनी एकाच वेळी, दूरदूर बसून खेळायच्या खेळांची सुरुवात इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात 1978 साली झालेल्या ‘मड’ या खेळापासून मानतात. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. 1999 साली ‘एव्हरक्वेस्ट’ आणि 2004 च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे सचित्र खेळ आले, आणि ‘रेड’ हा प्रकार लोकप्रिय झाला. रेड म्हणजे मोहीम. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांत 40 खेळाडूंनी एकत्र येऊन एका बलाढ्य शत्रूला हरवायचे असे. तो पडला की लूट मिळे, पण ती दोन-चार वस्तूंचीच. कोणत्या वस्तू मिळतील हेही नशिबावर असे. शिवाय एकदा हरवलेला शत्रू त्या आठवड्यात पुन्हा भेटत नसे.

चाळीस जणांचे श्रम आणि दोन-चार वस्तू! वाटणीचा प्रश्न उभा राहणारच. एव्हरक्वेस्टमधील एका गटाने 1999 मध्येच त्यावर तोड काढली. प्रत्येक मोहिमेच्या हजेरीचे गुण मांडायचे, आणि वस्तू हवी असणाऱ्याने ते गुण खर्चून ती घ्यायची. या पद्धतीला ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ असे नाव पडले आणि ती पुढे अनेक खेळांत पसरली. दुर्मीळ वस्तूचे वाटप न्यायाने कसे करावे, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न येथे खेळाडूंनी वहीत हिशेब ठेवून सोडवला.

पट्ट्या वाचणारे

वाटणीचा प्रश्न असा सुटला. पण मुळात लुटीत काय काय असू शकते, आणि ते मिळण्याची शक्यता किती? कंपनी हे सांगत नसे. तेव्हा काही खेळाडूंनी आपल्याच संगणकातील खेळाच्या फायली उघडून वाचायला सुरुवात केली. यालाच ते ‘डेटामायनिंग’ म्हणू लागले. संख्याशास्त्रात या शब्दाचा अर्थ मोठ्या माहितीच्या साठ्यातून नियम शोधणे असा आहे. खेळाडूंनी तो फायलींचे खोदकाम या अर्थाने वापरला.

हे शक्य होण्याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. प्रत्येक शत्रूचे चित्र, तलवारीचा आकार, संवाद, आवाज ही माहिती फार मोठी असते. ती दर क्षणाला तारेवरून पाठवणे परवडत नाही. म्हणून ती आधीच खेळाडूच्या संगणकावर उतरवून ठेवतात. नवी मोहीम सुरू होण्याआधी तिची सामग्री येऊन पडलेली असे, आणि पट्ट्या वाचणाऱ्याला मोर आधीच दिसत असे.

पण कोणती वस्तू कितीदा पडावी याचा फासा कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर टाकला जातो. फाशाचा निकाल तेवढा खेळाडूकडे येतो. त्यामुळे वस्तूचे नाव आणि रूप फायलीत सापडले, तरी ती मिळण्याची शक्यता सापडत नव्हती. चादरीची किंमत पट्टीत नसते, तसेच हे.

मोजणारे

जे वाचून कळत नाही ते मोजून काढावे लागते. वॉरक्राफ्टच्या पहिल्या काही वर्षांत ‘थॉटबॉट’ आणि 2006 पासून ‘वाउहेड’ या माहितीसंग्रहांनी हेच केले. हजारो खेळाडूंनी आपल्या संगणकावर एक छोटी आज्ञावली बसवली. कोणता शत्रू किती वेळा पडला आणि लुटीत काय निघाले, याची नोंद ती आपोआप ठेवी. साऱ्या नोंदी एकत्र केल्या की भागाकार तेवढा उरे. एकट्याच्या अनुभवातून जे कधी उमगले नसते, ते हजारोंच्या नोंदींतून दिसू लागले.

उदाहरणार्थ, 2007 मध्ये आलेल्या एका मोहिमेत ‘अ‍ॅशेस ऑफ अलार’ नावाचा अग्निपक्षी वाहन म्हणून मिळत असे. नोंदींवरून त्याचे प्रमाण शंभर प्रयत्नांमागे एक-दोन असे निघाले. येथे विद्यार्थी हमखास चुकतात. शक्यता 1 टक्का असेल तर शंभर प्रयत्नांत वस्तू मिळणारच, असे त्यांना वाटते. पण एका प्रयत्नात ती न मिळण्याची शक्यता 0.99 आहे, शंभरही प्रयत्नांत न मिळण्याची शक्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे 0.37. शंभर खेळाडूंनी प्रत्येकी शंभर वेळा प्रयत्न केला, तर सुमारे 37 जण रिकाम्या हाताने परततील. त्यांच्यावर कोणीही अन्याय केलेला नाही. शक्यतेचा नियमच तसा आहे.

गणिताने खेळाडूंना आणखी एक शस्त्र दिले. जानेवारी 2006 मध्ये उघडलेल्या अन्‌किराज या मोहिमेतील शेवटचा शत्रू क्थुन कोणालाच हरवता येईना. अनुभवी गटांनी हिशेब मांडून सांगितले की ही लढाई गणिताच्या दृष्टीने अशक्य आहे. शत्रूची बळे ज्या वेगाने उगवत होती, त्या वेगाने ती नष्ट करणे 40 जणांच्या ताकदीबाहेर होते. हौद भरणारी तोटी रिकामी करणाऱ्या तोटीपेक्षा मोठी असेल तर हौद कधीच रिकामा होत नाही, हे शाळेतले उदाहरण आठवावे. एप्रिल 2006 मध्ये कंपनीने लढाई सौम्य केली आणि लगेचच क्थुन पडला.

दार कोणासाठी?

त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॅक्सरामस’ ही मोहीम आली. ती इतकी अवघड होती की फारच थोड्या खेळाडूंनी ती आतून पाहिली. कंपनीने 2008 मध्ये तीच मोहीम सोपी करून 10 आणि 25 जणांसाठी पुन्हा उघडली. 2011 च्या अखेरीस तर अनोळखी खेळाडूंना आपोआप एकत्र करणारी सोपी श्रेणीही आली. अवघड बक्षीस थोड्यांसाठी राखावे की सर्वांना त्याची चव मिळावी, हा वाद तेव्हा रंगला. तो परीक्षांच्या काठिण्यपातळीवरील आपल्या वादासारखाच आहे. दुसरीकडे, 2010 च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने काही फायली सांकेतिक भाषेत कुलूपबंद करण्यास आरंभ केला. पट्ट्या वाचणे कठीण झाले. मोजणे मात्र कोणाला थांबवता आले नाही.

शून्य शक्यता

हे मोजणे किती मोलाचे, हे पुढे पैशाचा प्रश्न आला तेव्हा कळले. पराक्रमाऐवजी पैसे देऊन नशिबाची पेटी उघडण्याची प्रथा खेळांत शिरली. चीनने मे 2017 पासून अशा पेट्यांतील शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. दक्षिण कोरियातील प्रकरण अधिक बोलके आहे. ‘मेपलस्टोरी’ या खेळात ‘क्यूब’ विकत घेऊन आपल्या शस्त्राचे गुण बदलता येत. तेथील न्याय्य व्यापार आयोगाने जानेवारी 2024 मध्ये निर्णय दिला, की काही लोकप्रिय गुणजोड्या मिळण्याची शक्यता कंपनीने 2011 ते 2021 या काळात शून्य ठेवली होती आणि ग्राहकांना तसे सांगितले नव्हते. नेक्सॉन या कंपनीला सुमारे 11.6 अब्ज वॉन दंड झाला. मार्च 2024 पासून त्या देशात शक्यता जाहीर करणे कायद्याने आवश्यक झाले.

लहान शक्यता आणि शून्य शक्यता यांतील फरक एकट्याला कळत नाही, कारण दोन्हींत हात रिकामाच राहतो. हे वर्गात करून पाहता येईल. पिशवीत 20 चिंचोके घ्या, एकावर खूण करा. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता एक काढावा, नोंद करावी, परत टाकावा. असे 20 वेळा. पन्नास जणांच्या वर्गात सुमारे 18 जणांना खुणेचा चिंचोका एकदाही मिळणार नाही. मग गुपचूप खुणेचा चिंचोका काढून घ्या आणि खेळ पुन्हा सुरू करा. एकेकट्या विद्यार्थ्याला आपले नशीबच फुटके वाटेल. पण नोंदी फळ्यावर एकत्र मांडल्या, तर साठाव्या खेपेच्या आसपास वर्गात कुजबुज सुरू व्हायला हरकत नाही. कारण चिंचोका खरोखर आत असता, तर साठ खेपा कोऱ्या जाण्याची शक्यता 5 टक्क्यांहूनही कमी आहे.

ती कुजबुज ऐकू आली की पिशवी उलटी करून दाखवावी. आपल्या नोंदी एकमेकांना दाखवल्याने काय उघड होते, हे मुलांना त्यानंतर वेगळे सांगावे लागणार नाही.