जागत्यांची लक्ष्मी

नाताळच्या रात्रीं पाश्चात्त्य मुलें भेटींची वाट पाहतात. परंतु मूल निजल्यावांचून नाताळबाबा येत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील मुलांची अशी रात्र हिवाळ्याच्या उंबरठ्यावर, आश्विन पौर्णिमेस येते. तिचा नियम मात्र अगदीं उलट: जो जागेल त्यालाच दान!

मध्यरात्रीं लक्ष्मी ‘को जागर्ति?’, कोण जागें आहे, असें विचारीत फिरते, अशी श्रद्धा. त्यावरून कोजागरी हें नांव पडलें. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत हाच उत्सव ‘कौमुदीजागर’ म्हणून येतो. कमलाकरभट्टानें १६१२ सालीं रचलेल्या निर्णयसिंधूंत तर जागरणासाठीं फाशांचा खेळही सांगितला आहे. झोंप उडविण्यास याहून सोपा उपाय शास्त्रकारांनाही सुचला नसावा!

वैनगंगेच्या खोऱ्यांत या वेळीं तळीं आणि बोड्या भरलेल्या असतात. बांध्यांतून धानाच्या लोंब्या भरत असतात, पण भारी धानाचें पीक अजून घरीं आलेलें नसतें. एखादा अवकाळी पाऊस तें आडवें पाडूं शकतो. तेव्हां लक्ष्मीची वाट मोठ्यांनाही मुलांइतकीच पाहावी लागते.

मुलांना मोहरा मिळत नाहींत. चांदण्यांत ठेवलेलें आटीव दूध मिळतें. थोरल्या अपत्यास आई ओवाळते, नवें वस्त्र देते, हीच आश्विनी. विदर्भांत मुलींचा महिनाभराचा भुलाबाईचा खेळही याच रात्रीं संपतो, आणि झांकलेल्या डब्यांतील खिरापत ओळखल्याखेरीज हातीं पडत नाहीं. धाकटीं भावंडें बहुधा दूध आटण्यापूर्वींच पेंगतात. त्यांचे पेले सकाळपर्यंत झांकून ठेवलेले असतात.