आमचीही एक राजधानी

युरोपची सहल करून आलेला माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. तो आपल्याला चहाला बोलावतो. चहा निमित्तमात्र, खरा बेत फोटोंचा असतो. पूर्वी अल्बम असत, ते निदान शेवटच्या पानावर संपत. आता मोबाइल असतो आणि मोबाइलला शेवटचं पान नसतं. लंडन, पॅरिस, रोम या राजधान्या आपल्याही इतक्या पाठ झालेल्या असतात, की 'हा आयफेल टॉवर' असं यजमानाच्या आधी आपणच म्हणतो. पण या मोठ्या राजधान्यांच्या गर्दीत एखादी लिंबूटिंबू राजधानीही निघते. उदाहरणार्थ, वाडुझ.

वाडुझ ही लिख्टेनश्टाइन या देशाची राजधानी. देश अवघा १६० चौरस किलोमीटरचा आणि राजधानीत माणसं सहा हजारांच्या आसपास. डोंगरावर संस्थानिकांचा वाडा आहे, तो खालूनच पाहायचा, कारण आत मंडळी राहतात. पोस्टाच्या तिकिटांचं एक संग्रहालय आहे. थोडे फ्रँक मोजले की पासपोर्टवर हौसेखातर शिक्का मारून मिळतो. आणि गावाला रेल्वे स्टेशन नाही.

हे शेवटचं ऐकून माझा ऊर भरून आला. मी नोकरीनिमित्त इस्लापूरला असतो. किनवट तालुक्यातलं हे गाव मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर आहे, जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे, आणि आम्हाला स्टेशन आहे! शिक्क्यांचं म्हणाल तर आमच्या शाखेत पाच प्रकारचे शिक्के आहेत आणि ते आम्ही दिवसभर मारत असतो, तेही फुकट.

"पण राजधानी कुठाय तुमच्याकडे?" ही म्हणाली. हिचा स्वभाव इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्यासारखा आहे. सगळं वाखाणून झाल्यावर नेमका नसलेला कागद मागते.

"आहे की. कंधार," मी म्हटलं.

"अहो, म्हणजे ते विमान नेलं होतं ते?"

कंधारचं हे दुखणं जुनं आहे. १९९९ च्या डिसेंबरात अतिरेक्यांनी विमान पळवून नेलं ते अफगाणिस्तानातल्या कंदाहारला. पण तेव्हापासून कंधारचा माणूस पुण्यामुंबईत गेला की गाव सांगताना आधी 'नांदेड जिल्हा' म्हणतो आणि मग कंधार म्हणतो. गंमत अशी, की युरोपला आमचं कंधार आपल्याआधी माहीत आहे. १६३१ साली शाहजहानच्या नसीरी खानानं हा किल्ला घेतला. त्या वेढ्याचं चित्र पादशाहनाम्याच्या पोथीत आहे. ती पोथी अवधच्या नवाबानं १७९९ साली इंग्लंडच्या राजाला भेट दिली आणि आज ती विंडसरच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात आहे. म्हणजे आमची जी मंडळी विंडसरच्या राजवाड्यापुढे उभी राहून फोटो काढतात, त्यांच्या पाठीमागे, त्या भिंतीआड, नांदेड जिल्हा असतो.

महिन्याचा दुसरा शनिवार गाठून आम्ही निघालो. नांदेडपर्यंत रेल्वे आणि तिथून पन्नासेक किलोमीटर एस.टी. कंधारचा किल्ला भुईकोट आहे. ही एक मोठी सोय. गड चढायचा म्हटलं की चाळिशीतल्या माणसाचा इतिहासाभिमान गुडघ्यात दुखू लागतो. इथं सपाटीवरून चालत जावं, खंदक ओलांडावा, दुहेरी तटातून आत शिरावं, की झालात राजधानीत दाखल. आत बुरूज आहेत, लाल महाल आहे, आणि कोरीव मूर्तींचे अवशेष मांडून ठेवले आहेत. कोणाचा हात नाही, कोणाचं नाक नाही, तरी चेहऱ्यावरचा रुबाब कायम. पेन्शनर लोक बँकेत रांगेला उभे असतात तेव्हा अगदी असेच दिसतात.

तटाच्या सावलीत एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी आम्हाला बराच वेळ न्याहाळलं.

"काय बघायलाव पाव्हणं?"

"राजधानी बघायला आलोय, बाबा."

"मंग तहशिलीला जावा की. पर आज सुट्टी हाय."

गावातलं मोठं सरकार म्हणजे तहसील, हा त्यांचा हिशेब चोख होता. मग मी त्यांना तळ्याचं विचारलं. बाबांनी नुसता हात करून दिशा दाखवली. हे तळं साधं नव्हे. कंधारला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन संस्कृत शिलालेखात त्याचं नाव आहे 'जगत्तुंग समुद्र'. जगत्तुंग ही राष्ट्रकूट राजांची पदवी. गोविंद तिसरा तिच्यानं ओळखला जाई. कुठल्याच बाजूनं समुद्र जवळ नसलेल्या मुलखात एका राजाच्या नावानं तळं बांधलं जातं आणि त्याला 'समुद्र' म्हटलं जातं, यात बढाई आहे असं पुण्यातल्या माणसाला वाटेल. मराठवाड्यातल्या माणसाला वाटणार नाही. भरलेल्या तळ्याला दुसरं काय म्हणायचं?

हे राष्ट्रकूट कोण, असं हिनं विचारलं. मी बी.कॉम. झालेला मनुष्य, इतिहासाकडे मी जमाखर्चाच्या नजरेनंच पाहतो. त्या नजरेनं पाहिलं तर हा ताळेबंद थक्क करणारा आहे. इ. स. ७५३ च्या सुमारास दंतिदुर्गानं चालुक्यांची सत्ता मोडली आणि पुढे सव्वादोनशे वर्षं या घराण्यानं दख्खनवर राज्य केलं. वेरूळचं कैलास लेणं पाहिलं नाही असा मराठी माणूस विरळा. ते पहिल्या कृष्णाच्या काळचं. लेण्यापुढे उभं राहून आपण 'वा!' म्हणतो, पण कोणाला म्हणतो हे आपल्याला माहीत नसतं.

इ. स. ८५१ चा एक अरबी वृत्तान्त आहे. सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावानं तो ओळखला जातो. त्यात जगातले चार मोठे राजे सांगितले आहेत. पहिला बगदादचा खलिफा, दुसरा चीनचा सम्राट, तिसरा रूमचा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा, आणि चौथा 'बल्हरा'. बल्हरा म्हणजे वल्लभराज, म्हणजे आपले राष्ट्रकूट. युरोपातून यादीत एकच नाव आहे आणि दख्खनमधूनही एकच. वाडुझचा कुठं पत्ताही नाही.

आणि हे सम्राट स्वतःला काय म्हणवून घेत? 'लट्टलूरपुरवराधीश्वर'. एका दमात म्हणता आलं तर म्हणून पाहा. अर्थ एवढाच, की लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. लट्टलूर म्हणजे लातूर. पुढच्या लेखांत तेच कंधारपुराचे स्वामी म्हणून येतात. राज्य कितीही वाढलं तरी राजे मूळ गाव विसरले नव्हते. त्याच लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. तेव्हा सगळ्या देशाला लातूर कळलं, ते असं.

घराण्यातला सगळ्यांत मोठा राजा पहिला अमोघवर्ष. चौसष्ट वर्षं गादीवर होता. आमच्याकडे साठाव्या वर्षी निवृत्त करतात म्हणून बरं, नाहीतर काही साहेबांनी हा विक्रम मोडला असता. रयतेवरचं अरिष्ट टळावं म्हणून त्यानं आपल्या डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला वाहिलं, असं ८७१ चा संजाणचा ताम्रपट सांगतो. त्याच्याच काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात मुद्दल, मुदत आणि व्याज यांची उदाहरणं आहेत. तेव्हा गिऱ्हाइकाला व्याज समजावून सांगताना होणारा त्रास निदान साडेअकराशे वर्षांचा तरी जुना आहे.

अमोघवर्षानं इंद्रपुरीला लाजवील अशी राजधानी वसवली, ती मान्यखेट. आज ती कलबुर्गी जिल्ह्यात, कागिणा नदीच्या काठी, मळखेड नावाचं खेडं आहे. ९७२ साली माळव्याच्या परमारांनी ती लुटली आणि वर्षभरात राज्य संपलं. धनपाल नावाच्या कवीनं आपल्या धाकट्या बहिणीसाठी प्राकृत शब्दांचा एक कोश रचला आणि मान्यखेट लुटली गेली त्या साली तो पुरा केला, अशी नोंद त्यातच केली. जगातल्या चौथ्या राजाची राजधानी बुडाल्याची तारीख एका भावानं बहिणीला दिलेल्या पुस्तकात टिकली. दरबाराचं दप्तर कुठं गेलं, कोण जाणे!

मग हे सगळं आपण विसरलो कसे? मला विचाराल तर हा जोड-खात्याचा घोळ आहे. बँकेत दोघांच्या नावे खातं असलं की नवऱ्याला वाटतं बायको बघेल, बायकोला वाटतं नवरा बघेल, आणि दहा वर्षं खात्याला कोणी हात लावत नाही. राष्ट्रकूटांचे लेख संस्कृतात आणि कन्नडमध्ये. अमोघवर्षाच्या दरबारातला 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ तर कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. म्हणजे नांदेडच्या घाटावर मराठी माणूस पाय धुतो, तिथवर! त्यामुळे आपण म्हणतो, ते कानडी राजे, कर्नाटकवाले बघतील. मळखेड त्यांच्याकडे आहे, म्हणून कंधार-लातूरकडे त्यांचं लक्ष जात नाही. आणि कोल्हापूरकडच्या अ. स. आळतेकरांनी १९३४ साली राष्ट्रकूटांवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो इंग्रजीत. मराठवाड्याच्या शाळेत आम्ही पेशवे शिकलो, मोगल शिकलो, नेपोलियनही शिकलो. दंतिदुर्ग मात्र एका गुणाच्या जोड्या लावा प्रश्नातसुद्धा भेटला नाही.

परंतु बँकेतला एक नियम मला इथं फार धीर देतो. दहा वर्षं उलाढाल नसलेल्या खात्याची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण वारसाचा हक्क बुडत नाही. त्यानं केव्हाही यावं, ओळख पटवावी, रक्कम घेऊन जावी. इथं कागदपत्रं तर पक्की आहेत. काही दगडावर, काही तांब्यावर. आणि दोन वारस आले म्हणून या खात्यातली शिल्लक कमी होत नाही, अशी सोय आमच्या बँकेतही नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत जमलं तर कंधारला जाऊन या. पासपोर्ट लागत नाही, एस.टी.चं तिकीट हाच शिक्का. फक्त उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याच्या दोन बाटल्या सोबत ठेवा, जरी समुद्राकाठी जायचं असलं तरी.