काटेकुंवरचं माहेर

तेरेखोलसारख्या सड्यावर, गडग्याच्या आडोशाला कोरफडीचं बेट दिसलं की पाहणारा सहज म्हणतो, रानटी आहे, आपोआप आलीय. हे 'आपोआप' मला पटत नाही. कोरफड फुलते जरूर. थंडीत मधोमध दांडा वर येतो, त्याला पिवळ्या नळ्यांसारखी फुलं खाली मान घालून लोंबतात आणि शिंजीर त्यांत चोच घालत बसतात. पण स्वतःच्याच परागावर तिला बी धरत नाही, आणि सगळं बेट एकाच मुळाच्या पिलांनी वाढलेलं असल्यामुळे शेजारचं झाडही तेच असतं. बी क्वचितच धरणारं हे झाड वाऱ्यावर किंवा पाखराच्या पोटातून लांब जाणार कसं? पिलू उपटून कुणीतरी न्यायला लागतं. म्हणजे जांभ्याच्या फटीत बिनधास्त उभी असलेली कोरफडही कधीतरी, कुणाच्या तरी हाताने तिथवर आलेली. तो हात कुठून आला, ही तिची कुळकथा.

तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर गोव्याचा हा एवढासाच तुकडा. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात इथे किल्ला बांधला, 1746 मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. सड्यावरचं पाणी थांबत नाही. दिवाळी उलटली की गवत पिवळं पडतं आणि मार्चात जांभा तव्यासारखा तापतो. कोरफडीला हेच मानवतं. पाणी साचलं तर ती कुजते, खडकात मात्र तग धरते. बहुतेक झाडं पानांची छिद्रं दिवसा उघडतात. ही रात्री उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारं लावून घेऊन त्यावर अन्न शिजवते. उन्हात पाणी गमवायचं नाही, हा तिचा नेम.

वाटेत एक गल्लत मोडायला हवी. कुंपणाला लावलेला, पात्याच्या टोकाला सुईसारखा काटा असलेला घायपात म्हणजे कोरफड नव्हे. तो मेक्सिकोकडचा, पात्यात वाख असलेला, आयुष्यात एकदाच फुलून मरणारा. कोरफडीच्या पात्यात गर असतो, आणि ती दरवर्षी फुलते.

तिचं मूळ गाव भारत नाही. कोरफडीच्या गोतावळ्यात पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांचं माहेर आफ्रिका. आपली घरगुती कोरफड त्यातली अरबस्तानातली, असं 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. समुद्रापलीकडचं ते कोरडं, खडकाळ माळरान आणि हा सडा, दोघांची कोरड एकाच जातीची. म्हणून ती इथे इतकी रुळली की लोकांना रानची वाटू लागली.

झाडाच्या आधी इथवर पोचला असेल तो तिचा रस, असं मला वाटतं. पातं कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक येतो. तो आटवला की काळा खडा होतो, आणि खडा वर्षानुवर्षं टिकतो. आज बाजार चालतो तो आतल्या बुळबुळीत गरावर. पण गर दोन दिवसांत नासतो, गलबतावर चढवून काय उपयोग? जुना व्यापार सगळा त्या काळ्या खड्याचा. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी टिपणात, 'पेरिप्लस'मध्ये, अरबस्तानच्या किनाऱ्यावरून कोरफडीचा रस जहाजावर चढतो. त्याच शतकातला वैद्य डायोस्कोरिडीज तो भारतातून येतो म्हणतो. सोकोत्रा बेटाचा रस सगळ्यांत नावाजलेला. ते बेट पोर्तुगीजांनी 1507 मध्ये घेतलं आणि चार वर्षांत सोडलं.

आता गोव्याचा खरा पुरावा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. इथल्या औषधींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातलं दुसरं प्रकरण कोरफडीचं. ओर्ता नावं मोजत जातो: अरब 'सेबार' म्हणतात, गुजराती आणि दख्खनी 'आरेआ', पोर्तुगीज 'अझेव्र', आणि या किनाऱ्यावरचे लोक 'कातेकोमेर'. हा शेवटचा शब्द वाचताना मी थबकलो. रोमी अक्षरांचा बुरखा काढला की समोर उभी राहते आपली काटेकुंवर! साडेचारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर तिला देशी नाव होतं, म्हणजे ती तेव्हाच जुनी झाली होती; परक्या पाहुणीला इतक्या लवकर कुणी घरचं नाव देत नाही. दख्खनी 'आरेआ'तही मला आपला 'एळिया' ऐकू येतो.

काटेकुंवरमधली कुंवर म्हणजे कुमारी. वैद्यकात हीच कुमारी, कुमारीआसवातली. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिचं आणखी एक नाव येतं, गृहकन्या. घरची मुलगी. हिंदीतला ग्वारपाठा, गुजरातीतलं कुंवारपाठुं याच घराण्यातले, आणि कोरफडीतला 'कोर'ही त्याच कुंवरीचा झिजलेला अंश असावा. 'फड' तर फड्या निवडुंगात आहेच.

दुसरं घराणं अरबी. 'सेबार' आणि 'अझेव्र' एकाच शब्दाची दोन रूपं, आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातला मुसब्बरही त्यातलाच. या अरबी शब्दाची मुळाक्षरं आणि धीर या अर्थाच्या 'सब्र'ची मुळाक्षरं एकच. तो सब्र मराठीत 'सबुरी' होऊन आला.

मुसब्बरचं मराठी नाव काळा बोळ. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला लावायला, अंगावरचं दूध तोडताना कडू लेप द्यायला तो घरोघर पुडीत असे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात तो काठेवाडातल्या जाफराबादहून येई, आणि जाफराबाद होतं जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. पुडी विकत आणणाऱ्या कित्येक घरांच्या परसात तेच झाड उभं असे. मात्र हा चीक जहाल रेचक आहे, गरोदर बाईने तर टाळायलाच हवा. गराच्या जाहिराती वाचून अख्खं पातं वाटून पिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि दारावरची कोरफड. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून ती मुळासकट उलटी टांगतात. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने 1836 मध्ये कैरोविषयी लिहिताना असंच काहीसं नोंदवलं: दारावर टांगलेली कोरफड, ना माती ना पाणी, तरी वर्षानुवर्षं जिवंत, कधी फुलतेसुद्धा, तिथले लोक तिच्या नावाचा संबंध धीराशी जोडत. ही चाल रसाच्या पेट्यांबरोबर किनाऱ्यावर उतरली की दोन्हीकडे झाडाची चिवट जात पाहून वेगवेगळी सुचली, हे मी ठरवू शकत नाही. दोन्ही दारांवर ती तशीच तग धरते, एवढं खरं.

सड्यावरच्या रानटी कोरफडीकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. बेट कुठे दाट आहे ते पाहायचं आणि आजूबाजूचं गवत पायाने बाजूला करायचं. कधी पडक्या गडग्याची ओळ लागते, कधी जोत्याचे चार चिरे, कधी बुजत आलेली विहीर. माणसं गेली, छप्पर गेलं; उंबऱ्याशी लावलेली गृहकन्या तेवढी पिलं टाकत तिथेच थांबलेली असते.