द्विधा मनाचा खलपुरुष : राघोबादादांच्या चरित्राच्या आधारे काही विचार

कथा एका अंकात आटोपणारी असली म्हणजे तिच्यातील दुष्ट पात्र ओळखणे कठीण जात नाही. परंतु तीच कथा दोनतीन पिढ्यांवर पसरली की त्या पात्राचे बालपण, त्याचे पराक्रम, त्याचे अपमान हे सारे आपल्या परिचयाचे होते आणि निवाडा करताना मन अडखळू लागते. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपका'त प्रतिनायकाची लक्षणे सांगितली, त्यांत लोभ, उद्धतपणा, हट्ट, पापाचरण, व्यसनासक्ती यांचा समावेश आहे. अंतःकरणातील द्वंद्वाला तेथे स्थान नाही. उलटपक्षी अलीकडच्या चित्रपटमालिकांतून पाहावे तो खलपुरुष बहुधा आतून दुभंगलेलाच आढळतो. मग प्रश्न असा उत्पन्न होतो की, ज्याच्या मनात सत् आणि असत् यांचा झगडा चालू आहे, त्यास खलपुरुष म्हणावे तरी केव्हा? नुसता झगडा म्हणजे दुष्टपणा नव्हे, हे उघडच आहे. तसे असते तर कुरुक्षेत्रावर धनुष्य खाली ठेवणारा अर्जुनही दोषी ठरला असता. तेव्हा त्या झगड्याचा शेवट कोठे आणि कसा होतो, यावरच निवाडा अवलंबून असला पाहिजे.

या प्रश्नाचा विचार करण्यास मराठ्यांच्या इतिहासात राघोबादादांइतके योग्य दुसरे उदाहरण आम्हांस दिसत नाही. मराठी रंगभूमीने व चित्रपटाने त्यांना वारंवार आपल्यासमोर उभे केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ सालचे. प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' हा चित्रपट १९४४ साली आला. त्यात गजानन जागीरदार यांनी न्यायमूर्तींची भूमिका केली. रणजित देसाई यांची 'स्वामी' कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली व पुढे दूरदर्शनवरही आली. या सर्वांमुळे दादांची एक ठरीव प्रतिमा आपल्या मनात आहे. ती बाजूला ठेवून आधी इतिहास पाहू.

रघुनाथराव हे थोरल्या बाजीरावांचे पुत्र, जन्म इ.स. १७३४. वडील १७४० साली नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले तेव्हा हा मुलगा पाचसहा वर्षांचा होता. वयाच्या पंचविशीच्या आतच त्यांनी उत्तरेची मोहीम चालविली आणि १७५८ च्या एप्रिलात मराठी फौजा लाहोरात शिरल्या. पानिपतचा संहार १७६१ च्या जानेवारीत झाला, त्याच वर्षी नानासाहेब निवर्तले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांकडे गेली. घरातील वडील पुरुष, रणांगणावर नाव मिळविलेला सेनानी, आणि त्याने पुतण्याच्या आज्ञेत राहावे, ही परिस्थिती कोणाही मानी मनुष्यास जड जाणारीच होती. दादांचा असंतोष समजण्याजोगा होता, हे मान्य केलेच पाहिजे.

त्यानंतरची बारा वर्षे म्हणजे एका दोलायमान मनाचा आलेख आहे. १७६२ साली दादांनी निजामाची मदत घेऊन पुतण्यावर शस्त्र उचलले. घर फुटू नये म्हणून माधवराव आलेगावी स्वतः काकांच्या स्वाधीन झाले. दुसऱ्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवनावर काका-पुतण्यांनी एकत्र येऊन त्याच निजामाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. आणि शत्रूच्या गराड्यात सापडलेल्या दादांना सोडविण्यास माधवरावच धावले. इतके होऊनही १७६८ साली धोडपला पुन्हा युद्ध झाले, दादा पकडले गेले व शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे माधवरावांचा अंत झाला. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या नारायणरावांस काकांच्या हाती सोपविले होते. येथपर्यंत दादांना खलपुरुष म्हणण्यास आमचे मन धजत नाही. रागावणारा, पस्तावणारा, पुन्हा रागावणारा असा हा एक दुबळा कर्ता पुरुष आहे. बापाच्या वेळची दौलत वाटून घेताना भांडणारे असे काका गावोगावी असतात.

पुढे ३० ऑगस्ट १७७३ चा दिवस येतो. पुन्हा नजरकैदेत टाकलेल्या दादांच्या पक्षाने गारद्यांशी संधान बांधले; सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार वाड्यात घुसले; अठरा वर्षांचे नारायणराव धावत जाऊन काकांच्या गळ्यात पडले आणि तेथेच मारले गेले. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात दोन गोष्टी नमूद केल्या आहेत. एक, मूळ हुकूम 'धरावे' असा होता व आनंदीबाईंनी तो 'मारावे' असा केला. दुसरी, त्या क्षणी दादांनी गारद्यांजवळ पुतण्याच्या प्राणांची रदबदली केली, परंतु ती मानली गेली नाही.

मराठी भाषेने यांतील पहिली गोष्ट उचलली आणि तिची म्हणच करून टाकली. 'ध' चा 'मा' करणे हा वाक्प्रचार ज्याला पेशवाईचा इतिहास ठाऊक नाही, त्याच्याही तोंडी असतो. नाटककारांच्या दृष्टीने ही कथा म्हणजे पर्वणीच होय. एका अक्षराने सारे पाप नवऱ्याच्या हातून बायकोच्या हातात जाते, दादा द्विधा राहतात आणि आनंदीबाई खलनायिका होतात. 'भाऊबंदकी'वर 'मॅक्बेथ'ची छाया पडली आहे, असे समीक्षक म्हणतात, ते याच कारणाने. तथापि या सोयीत एक धोका आहे. शाळेत आम्ही पाहतो की विद्यार्थ्यांना नारायणरावांचा वध विचारला म्हणजे ते प्रथम आनंदीबाईंचे नाव घेतात. राज्य कोणाला मिळाले, वस्त्रे कोणी अंगावर घेतली, हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. एका अक्षराची आख्यायिका एका पुरुषाच्या दहा वर्षांच्या वर्तनाला झाकून टाकते आणि घरातील स्त्रीवर सारा भार घालते. हा अन्याय केवळ आनंदीबाईंवर नाही, तर मुलांच्या न्यायबुद्धीवरही आहे.

आमच्या मते अक्षर 'ध' होते की 'मा' होते, यावर दादांचे खलत्व ठरत नाही. घटकाभर असे धरू की त्यांनी फक्त धरण्याचा हुकूम दिला होता, आणि गळ्यात पडलेल्या पोराला वाचविण्याचा प्रयत्नही त्यांनी मनापासून केला. मग त्यानंतर त्यांचे कर्तव्य काय होते? गारद्यांना शासन करणे आणि सत्तेपासून दूर राहणे. त्यांनी यांतील काहीच केले नाही. ज्या वधाचे आपणास दुःख झाले असे म्हणावे, त्याच वधाने मोकळी झालेली पेशवाई त्यांनी स्वीकारली. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली व दादांस तोंडावर सांगितले की या पापास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही; आणि असे सांगून त्यांनी पुणे सोडले. त्या निकालाचे मर्म हेच आहे. न्यायाधीशाने दादांच्या मनात काय चालले होते ते मोजीत न बसता कृत्य आणि त्याचे फळ एकत्र पाहिले.

येथे एक आक्षेप येईल. खलपुरुष हे नाव पराभूतालाच मिळते. दादा जिंकले असते तर त्यांचे पोवाडे झाले असते, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा आमच्याच परिसरात आहे. आमचे तुकईथड ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याचे ठाणे बऱ्हाणपूर. तेथे इ.स. १६२२ मध्ये जहांगीर बादशहाचा ज्येष्ठ पुत्र खुस्रौ आपला भाऊ खुर्रम याच्या कैदेत असताना मरण पावला. पोटशुळाने मेला असे बापास कळविण्यात आले. लोकांनी मात्र वेगळेच मानले. तोच खुर्रम पुढे शहाजहान झाला. त्याची बेगम मुमताज १६३१ साली बऱ्हाणपुरातच वारली, प्रथम तापीपलीकडे जैनाबादेस पुरली गेली, आणि तिच्यासाठी त्याने ताजमहाल बांधला. आज जग शहाजहानला प्रेमी म्हणून ओळखते. खुस्रौला कोणी ओळखत नाही. मग दादांनाच खलपुरुष का म्हणावे?

फरक यशापयशाचा आहेच. परंतु तेवढाच नाही. शहाजहानच्या दरबारात त्या मृत्यूला त्याचे नाव देणारा कोणी उभा राहिला नाही. पुण्यात तसा एक मनुष्य उभा राहिला. दादा सत्तेवर असतानाच, ते पराभूत होण्यापूर्वीच, रामशास्त्र्यांनी निकाल दिला होता. म्हणून दादांचे खलत्व विजेत्यांनी लादलेले नाही. ज्या समाजात असे बोलण्याची सोय आणि हिंमत शिल्लक असते, त्याच समाजाच्या कथेत खरा खलपुरुष निर्माण होऊ शकतो. इतरत्र केवळ विजयी व पराजित असतात. प्रभातने आपल्या चित्रपटाला राघोबांचे नाव न देता रामशास्त्र्यांचे दिले, यात मोठे औचित्य आहे.

शास्त्रीबोवांच्या निकालानंतरही दादांना परतीची वाट होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवराव जन्मास आले. गादीला औरस वारस मिळाला. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके प्रभृती बारभाई एक झाले. त्या वेळी दादा उत्तरेकडे सरकत होते. तापी उतरून ते बऱ्हाणपुरास आले आणि तेथून होळकर-शिंद्यांच्या आशेने इंदूरकडे गेले. बऱ्हाणपूर आणि जवळचा असीरगड हा मुलूख १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून मराठ्यांना मिळालेला. दक्षिण आणि उत्तर यांच्यामधले हे दार. या दारात उभे राहून मागे फिरणे शक्य होते. तान्ह्या नातवाची पेशवाई मान्य करून वडीलकी पत्करली असती, तर आजचा इतिहासकार दादांविषयी निराळ्या भाषेत बोलला असता. त्यांनी पुढची वाट धरली. आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवून ते गुजरातेत उतरले आणि १७७५ च्या मार्चात सुरतेस इंग्रजांशी तह करून साष्टी व वसई देऊ केली. वसई म्हणजे चिमाजी आप्पांनी, प्रत्यक्ष दादांच्या काकांनी, १७३९ साली हजारो माणसे खर्ची घालून जिंकलेले ठाणे. येथे दादांच्या मनातील द्वंद्व संपलेले दिसते. आता ते चांगल्या-वाइटात डगमगत नाहीत. फक्त या आश्रयदात्याकडे जावे की त्या, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे उरतो. दुभंगलेला मनुष्य खलपुरुष होतो तो याच ठिकाणी.

परदेशी चित्रपटांतही हीच कसोटी लागू पडते, असे आम्हांस वाटते. 'स्टार वॉर्स' या १९७७ पासून चाललेल्या मालिकेत डार्थ व्हेडर १९८३ च्या चित्रपटात मुलाला वाचविण्यासाठी आपल्याच धन्यावर उलटतो आणि प्राण देतो. २०१५ च्या चित्रपटात त्याचा नातू कायलो रेन स्वतःच्या बापाला मारताना आधी घुटमळतो. त्या घुटमळण्याने त्याचे कृत्य सौम्य होत नाही, उलट अधिक काळे होते. कारण आपण काय करीत आहो हे त्याला पुरते समजले होते, याचा तो पुरावा असतो. द्विधा मन ही क्षमेची सबब नव्हे. ती ज्ञानाची साक्ष आहे.

चित्रपटात अशा पुरुषाला अखेर शिक्षा किंवा उद्धार यांपैकी एक मिळतेच. इतिहास इतका उदार नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांना दरमहा २५,००० रुपये मिळावयाचे ठरले, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात कोपरगाव येथे त्यांचा शांतपणे अंत झाला. कथा मात्र संपली नव्हती. धारच्या किल्ल्यात १७७५ साली जन्मलेले त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव शेवटचे पेशवे झाले, आणि ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ धुळकोट येथे माल्कमच्या स्वाधीन झाले. आजोबा नर्मदाकाठी गेले, पिता तापी उतरून गेला, नातू असीरगडाजवळ शस्त्र ठेवून गेला. तिन्ही पिढ्यांच्या पाऊलखुणा निमाडात आहेत. यात दैवाचा सूड पाहण्याचे कारण नाही. घरच्या कलहात परक्यास पंच म्हणून आणण्याची जी वाट सुरतेस पडली, तिच्यावरूनच पुत्र १८०२ साली वसईच्या तहाला गेला, एवढाच कार्यकारणभाव पुरेसा आहे.

शिक्षकबंधूंना आमची विनंती एवढीच की हा पाठ शिकविताना 'ध' आणि 'मा' यांपाशी थांबू नये. दादांचा पराक्रम सांगावा, त्यांचा अपमान सांगावा, त्यांची रदबदलीही सांगावी. आणि मग विद्यार्थ्यांना विचारावे की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काय करावयास हवे होते. त्या एका प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः शोधले, तर खलपुरुष कोणास म्हणावे हे त्यांना निराळे शिकवावे लागणार नाही.